पंख्याची पॉवर कुठून घेणार, बॉस?

कपड्यांसाठी लिंकिंग रोड, इफ्तारसाठी मोहम्मद अली रोड, आणि बिघडलेल्या वस्तू घेऊन जायचं ते लॅमिंग्टन रोडला! पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन मुंबईकरांच्या जिभेवरून अजून उतरलेले नाहीत. ग्रँट रोडला पूर्वेला बाहेर पडायचं आणि चालू लागायचं. कॅमेरे, केबल्स, रिमोट, प्रिंटरची शाई... आणि मग गल्लीबोळांतले छोटे गाळे, जिथे सोल्डरचा वास उदबत्तीसारखा दिवसभर दरवळत असतो.

माझ्या सॅकमध्ये होता एक पांढरा एक्सबॉक्स ३६०. धाकट्या भावाने सेकंडहँड घेतलेला. आधीच्या मालकाने झाकण कापून वर दोन जादा पंखे बसवलेले. दिसायला एकदम कूल! पण भाऊ रात्रभर खेळतो आणि तो चालू ठेवूनच झोपतो. आई म्हणाली, ‘‘एकदा कुणाला तरी दाखव गं.’’ म्हणून ही स्वारी.

गाळ्यातल्या भाईंनी स्क्रू काढले, टॉर्च मारला आणि पहिला प्रश्न टाकला, ‘‘मॅडम, पंखे को पॉवर किधर से दिया है?’’

उत्तर आतच होतं. डीव्हीडी ड्राइव्हच्या बारीक वायरीला पीळ मारून पंख्यांची वायर जोडलेली. वर चिकटपट्टी. उष्णतेने तिचा गोंद वितळलेला, पट्टी सरकलेली आणि उघडी तार आतल्या लोखंडी पत्र्यापासून जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी लांब!

तुम्ही म्हणाल, बाराच तर व्होल्ट, त्याने काय होतंय? भाईंनी कन्सोलची वीट उलटी केली. (पॉवर सप्लायला सगळे वीटच म्हणतात, वजनही तेवढंच.) लेबलवर लिहिलेलं : १२ व्होल्ट, १६.५ अँपिअर. म्हणजे साधारण १९८ वॅट. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, खरं आहे. पण तार पत्र्याला टेकली, तर तेवढा करंट त्या दोऱ्याएवढ्या वायरीतून धावू शकतो. पूर्ण शॉर्ट झाला तर वीट स्वतःला बंद करून घेते. अर्धवट शॉर्ट झाला, तर विटेला वाटतं गेमच चालू आहे, आणि वायर मात्र शेगडीच्या कॉइलसारखी तापत राहते. शॉक नाही, आग. खरी भीती हीच.

मग सुरू झालं ऑपरेशन. आधी मल्टिमीटर, मग कात्री. कारण रंगांवर भरवसा ठेवायचा नाही, हा या रस्त्याचा पहिला नियम. कम्प्युटरच्या चार पिनांच्या जुन्या प्लगमध्ये पिवळी वायर १२ व्होल्टची आणि लाल ५ व्होल्टची. तीन वायरींच्या पंख्यात मात्र बहुतेक वेळा लाल पॉवरची, आणि पिवळी पंखा किती वेगाने फिरतोय ते सांगणारी. पिवळीला पिवळी जोडली की संपलं!

दुसरा नियम, बेरीज करा. प्रत्येक पंख्याच्या स्टिकरवर अँपिअर लिहिलेले असतात. आमचे दोन्ही ०.२५ चे. समांतर जोडले की व्होल्टेज तेवढंच राहतं, करंटची बेरीज होते : ०.५ अँपिअर. म्हणून भाईंनी बोर्डावरून काही घेतलंच नाही. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर, त्याच्या पॉझिटिव्ह वायरीत अगदी सुरुवातीलाच १ अँपिअरचा फ्यूज, आणि पुढे दोन्ही पंखे. प्रत्येक जोडाला सोल्डरचा डाग, त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह. वायरीला झटका बसला तरी जोड निघू नये म्हणून टाय. अडॅप्टर आणि वीट एकाच स्विचवर, म्हणजे पंखे लावायला विसरायची सोय नाही.

कन्सोलचा स्वतःचा पंखा? त्याला हात लावला नाही. ‘‘वो बोर्ड का आदमी है,’’ भाई म्हणाले. तापमान पाहून त्याचा वेग कमी-जास्त करण्याचं काम बोर्ड करतो. तिथे जास्त करंट खाणारा पंखा लावला, तर तो वेग सांभाळणारा भागच जळायचा.

हे सगळं कशासाठी, तर लाल दिव्यांच्या धास्तीने. भारतात हे मॉडेल सप्टेंबर २००६ मध्ये आलं. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीन लाल दिव्यांच्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. कारण पुढे २०२१ मध्ये कंपनीच्याच माहितीपटात सांगितलं गेलं : तापणं-थंड होणं, तापणं-थंड होणं, यात चिपचे बारीक जोड तुटायचे. म्हणजे तुटलेला जोड पंख्याने सांधत नाही. भाईंनी सगळ्यात आधी काय केलं, ठाऊक आहे? ब्रशने धूळ काढली. मुठीएवढी!

उत्पादन २०१६ मध्येच थांबलं. बोर्ड जळला तर नवं मशीन मिळणार नाही. मिळेल ते असंच कुणाचं तरी जुनं, कुणीतरी झाकण कापलेलं. म्हणूनच अर्ध्या तासाचं ते काम मी उभी राहून पाहिलं.

जाताना लक्षात ठेवा

● रविवारी बहुतेक दुकानं बंद. शनिवारी सकाळी गाठा.

● कन्सोलसोबत वीटही न्या. अमेरिकेहून आलेली असेल तर लेबल वाचा. फक्त ११०-१२० व्होल्टची असेल, तर आपल्या २३० च्या प्लगमध्ये नको.

● पॉवर सप्लाय आतच असलेले कन्सोल घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त राहू शकतात.

● ‘डायरेक्ट जोड दूँगा, दो मिनट का काम है’ म्हणणाऱ्याला थँक यू म्हणा आणि पुढचा गाळा शोधा. पॉवर कुठून घेतली, असं आधी विचारणारा माणूस याच रस्त्यावर बसलेला असतो.