लेकीचे पैसे

‘पोटगी’ म्हटलं की आपल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर नवऱ्यापुढे हात पसरणारी बायको उभी राहते. म्हणून मी तो शब्द वापरत नाही. न्यू जर्सीच्या न्यायालयाने २०१९ साली आमच्या घटस्फोटात जो हुकूम दिला, त्यात माझ्यासाठी एक डॉलरही नव्हता. मला नोकरी होती, आहे. महिना १,१५० डॉलर होते ते लेकीचे. इथे त्याला ‘चाइल्ड सपोर्ट’ म्हणतात, आणि ते नाव मला जास्त प्रामाणिक वाटतं.

तिच्या वडिलांनी काही महिने नियमित दिले. मग नोकरी सोडून स्वतःचं कन्सल्टिंग सुरू केलं आणि नोव्हेंबर २०१९ पासून पैसे बंद झाले. चौदा महिने. १६,१०० डॉलर. जानेवारी २०२१ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, शब्द सापडेनात. वय एकोणपन्नास.

आता सांगा, अशा माणसाकडे थकबाकी मागायची?

सांगलीहून सासूबाईंचा फोन आला. (घटस्फोट झाला तरी मी त्यांना आईच म्हणते.) “अगं, तो आडवा पडलाय, आणि तू त्याच्या पेन्शनीवर टाच आणतेस?” त्यांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. मी काही बोलले नाही. इथल्या मैत्रिणी उलट बाजूने. “सगळे घे, एकरकमी घे. लेक कॉलेजला जायची आहे.” दोन्हीकडचं ऐकताना माझ्या लक्षात आलं, की नेमके पैसे कुठून येतात हे कुणालाच धड माहीत नाही. मलाही तोवर नव्हतं.

अपंगत्वाचे पैसे इथे दोन प्रकारचे असतात. एक ‘सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी इन्शुरन्स’. पगारातून दर महिन्याला जो कर कापला जातो, त्यातून कमावलेला हा विमा. त्यासाठी इथे पुरेशी वर्षं काम केलेलं असावं लागतं. भारतातली नोकरी त्यात धरत नाहीत, कारण दोन्ही देशांत तसा करार नाही. उशिरा आलेल्या आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावं. दुसरा ‘सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम’, म्हणजे ज्याच्याकडे जवळजवळ काहीच नाही त्याला दिलेला आधार. या दुसऱ्यातून मुलाचे थकलेले पैसेसुद्धा कापता येत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या वाट्याला हेच आलं. त्यांच्या हातात हुकूम आहे आणि वसुली शून्य. पहिल्यातून मात्र कापता येतात, तेही थोडेथोडके नाही. बारा आठवड्यांपेक्षा जुनी थकबाकी असेल आणि त्याच्यावर दुसरं कुटुंब अवलंबून नसेल, तर पासष्ट टक्क्यांपर्यंत.

त्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला. बऱ्याच जणांचा होतो. अपील, मग सुनावणी, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मंजुरी. महिना २,६०० डॉलर. त्या वेळी वकीलबाईंनी मला जे सांगितलं, ते मी आजही प्रत्येकीला सांगते: आईबापांपैकी एकाला हा विमा मिळू लागला, की अल्पवयीन मुलाला त्याच खात्यावर वेगळा भत्ता मिळू शकतो, मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत. लेकीला १,३०० मंजूर झाले. हे वडिलांच्या पैशातून कापून येत नाहीत. त्यांचे २,६०० त्यांना पूर्ण मिळतात. आमच्या राज्यात हा भत्ता चालू चाइल्ड सपोर्टमध्ये धरला जातो, त्यामुळे त्याच्यावरचा १,१५० चा बोजा तिथेच संपला. मागच्या तेरा महिन्यांचे तिचे १६,९०० एकदम आले. ते मी तिच्या वतीने सांभाळायचे आणि तिच्यावरच खर्च करायचे, हिशोबासकट.

हे मी सांगलीला फोन करून नीट समजावलं. आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे त्याच्या तोंडचा घास नाही ना जात?” नाही, म्हटलं. या पैशांपुरता तरी नाही.

राहिले ते जुने १६,१००. झटक्यानंतर लगेच रुग्णालयातल्या समाजसेविकेने त्याच्याकडून हुकूम बदलण्याचा अर्ज करून घेतला, म्हणून पुढचा आकडा वाढायचा थांबला. पण अर्जाच्या आधीचं काही पुसता येत नाही. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने थकलेला प्रत्येक हप्ता हा पक्का निवाडा ठरतो. न्यायाधीशाची इच्छा असली तरी तो माफ करू शकत नाही.

त्याच्याही हातात मागची रक्कम एकदम आली होती. तिच्यातून सगळी थकबाकी वळती करून घेता आली असती. प्रोबेशन विभागात (न्यू जर्सीत मुलांच्या पैशांची वसुली हा विभाग बघतो, नाव ऐकून दचकू नका) तसा अर्ज भरूनही ठेवला होता मी. पण मी त्याचं घर पाहिलं होतं. आंघोळ घालायला रोज माणूस येत होता. या विम्यावर मेडिकेअर चोवीस महिन्यांनी सुरू होतं, आणि तोवरची बिलं टेबलावर गठ्ठ्याने पडलेली. त्याच टेबलावर बसून आम्ही घासाघीस केली. तो अडखळत पाच हजार म्हणाला. मी दहा. शेवटी ८,१०० एकरकमी आणि उरलेले आठ हजार महिना २०० ने, त्याच्या चेकमधूनच परस्पर कापून. त्याने डाव्या हाताने सही केली. मे २०२३ मध्ये न्यायालयाने त्यावर शिक्का मारला.

मैत्रिणी म्हणाल्या, भोळी आहेस. मला तसं वाटत नाही. पासष्ट टक्के कापले असते तर तो कर्जात बुडाला असता, आणि त्याच्याकडे धावत जाणारी एकटी लेकच होती. सगळं सोडून दिलं असतं, तर ज्या चौदा महिन्यांत तिची व्हायोलिनची शिकवणी बंद करावी लागली, ते महिने जणू झालेच नाहीत असं ठरलं असतं. ते मला मान्य नव्हतं.

यंदा मार्चमध्ये ती अठरा वर्षांची झाली. भत्ता शाळा संपेपर्यंत, म्हणजे जूनपर्यंत मिळाला. सप्टेंबरपासून ती युनिव्हर्सिटीत आहे. थकबाकी मात्र मूल सज्ञान झालं म्हणून मिटत नाही. एकोणतीस हप्ते आले, अकरा राहिलेत. या महिन्याचे दोनशे डॉलर मी तिच्या पुस्तकांच्या खात्यात टाकले. तिने मेसेज केला, “बाबाचे आले ना?” आणि त्याच रविवारी ट्रेनने त्याच्याकडे जाऊन त्याच्या फ्रिजमध्ये वरण-भात ठेवून आली.