तीन पाळ्या
इशाची नमाज झाली की मी मोबाईलवर ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ खेळतो. मूळ खेळ १९९७ चा. आपली पाळी आली की सगळे थांबून राहतात. चौकोन मोजा, उंची पाहा, जमल्यास शत्रूच्या पाठीमागे जा, मग वार करा. वर्गात विचाराला अशी सवड कुठे मिळते?

पण एक नियम बोचतो. आपला शिपाई पडला की त्याच्या डोक्यावर तीनपासून उलटी मोजणी सुरू होते. तेवढ्यात उठवला नाही, तर तो कायमचा जातो.

गेल्या वर्षी नववीतला एक मुलगा येईनासा झाला. ‘उद्या घरी जाऊ’ म्हणत राहिलो. गेलो तेव्हा तो यंत्रमागावर कामाला लागला होता.

आता तीन दिवस कुणी दिसलं नाही, की शाळा सुटल्यावर मी त्याचं घर गाठतो.