पंजाब मेल लेट होती

डिसेंबर २०१८. तेव्हा आमची युनिट फिरोजपूरला होती. गुडघा गेल्यामुळे माझं पळणं बंद झालं होतं, म्हणून सीओ साहेबांनी मला स्पोर्ट्स एनसीओ केलं. हवालदाराला खेळाची माहिती आहे, एवढीच लायकी बघितली गेली, आणि मलाही ती पुरेशी वाटली. टीम घेऊन जायची, टीम घेऊन यायची. यात शिकण्यासारखं काय असतं?

दिल्लीला कुस्तीची ज्युनिअर गटाची स्पर्धा होती. आमचा एक पोरगा ५७ किलोत उतरणार होता. कोल्हापूरकडचा, तालमीतल्या लाल मातीत वाढलेला, पलटणीत येऊन मॅटवर शिकलेला. वयाच्या हिशोबाने ज्युनिअरमधलं त्याचं ते शेवटचं वर्ष.

कुस्तीत २०१८ पासून वजन स्पर्धेच्या दिवशीच सकाळी घेतात. आमच्या स्पर्धेत आठ वाजेपर्यंत काट्यावर उभं राहायचं होतं. पंजाब मेल रात्री फिरोजपूरहून सुटून पहाटे दिल्लीत पोचते. मी हिशोब केला, तीन तास हातात आहेत. आदल्या दिवशी पोचायचं तर दिल्लीत राहण्याच्या सोयीसाठी आठवडाभर आधी पत्र लिहावं लागलं असतं. ते मी लिहिलं नव्हतं. आज लिहू, उद्या लिहू करत राहून गेलं. खरं कारण एवढंच.

पंजाबातलं डिसेंबरचं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. गाडी रांगत होती, थांबत होती. पोराने वजनासाठी आदल्या दिवसापासून पाणी तोडलेलं. ओठ फुटलेले, थुंकीसुद्धा येत नव्हती. सात वाजता त्याने विचारलं, "उस्ताद, पोचतोय न्हवं?" मी म्हटलं, पोचतोय. आठ वाजले तेव्हा आम्ही कुठल्याशा छोट्या स्टेशनाबाहेर उभे होतो. त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग वजनानंतर प्यायला ठेवलेली बाटली पिशवीतून काढली आणि हळूहळू सगळी रिकामी केली. मला एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत आल्यावर मी स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या कोर्सची चौकशी सुरू केली. आपल्या फौजी भावांचा इथे हमखास घोळ होतो. पटियाळाच्या एनआयएसचा डिप्लोमा आहे तो कोचिंगचा. मॅनेजमेंट हा वेगळा विषय. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था, कोलकात्याची आयआयएसडब्ल्यूबीएम अशा ठिकाणी तो शिकवला गेला आहे. मी मात्र नोकरी सांभाळून जमेल असा पत्राद्वारे डिप्लोमा घेतला. संपर्कवर्गात पोरं बावीस-तेवीसची, सगळ्यांच्या डोळ्यांत आयपीएल. मी सगळ्यांत म्हातारा आणि इंग्रजीत सगळ्यांत कच्चा.

बजेट, मैदानाची देखभाल, प्रायोजक, करार, विमा असं बरंच होतं. करार मला अजूनही नीट कळत नाहीत. पण उत्तेजक द्रव्यांचा धडा वाचताना घाम फुटला. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. स्पर्धेच्या काळात ते ठरावीक मर्यादेच्या वर सापडलं की खेळाडू अडकतो. वाडाची यादी दर १ जानेवारीला नवी लागू होते. आणि मी पोरांना खिशातल्या गोळ्या वाटत फिरलो होतो!

एका स्वाध्यायात 'जोखीम' या विषयावर लिहायचं होतं. मी पंजाब मेल लिहिली, सगळी. तपासणाऱ्यांनी समासात लाल पेनाने दोनच शब्द लिहिले होते : पर्यायी योजना? ते पान मी जपून ठेवलंय.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोत शंभर ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली, तेव्हा आमच्या बॅरेकमध्ये सगळे टीव्हीवर ओरडत होते. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता पोस्टिंग जबलपूरला, पेन्शनला दोन वर्षं. रीसेटलमेंटचे कोर्स बघणारे जवान फोन करतात, या लाइनीत पैसा आहे का? सुरुवातीला कमी आहे, खोटं कशाला बोलू. अकॅडमी, शाळा, लीग, स्पर्धा भरवणाऱ्या कंपन्या इथे कामं निघतात, पण बरीचशी कंत्राटी. मात्र बारा माणसं, त्यांचं सामान, रेशन आणि वॉरंट घेऊन देशाच्या या टोकाहून त्या टोकाला वेळेत पोचणं ज्याला येतं, त्याने बायोडेटात ते लिहावं. आपले लोक नुसतं 'शिस्तप्रिय' लिहितात.

तो पोरगा आता नाईक आहे, सीनिअर गटात खेळतो. आमची पलटण एकच, त्यामुळे टीम निघायची असली की अजूनही मलाच विचारतो, "उस्ताद, पोचायचं कधी?"

"आदल्या दिवशी दुपारी."

"आन् गाडी लेट झाली तर?"

"तर आदल्या दिवशी रात्री."