बापाच्या हातची पेज



मी काही लेखक नाही. तळेगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे रात्रपाळी करणारा साधा कामगार आहे. राहायला कामशेतला. कुटुंबाच्या पानावर पाककृती आणि बालसंगोपन लिहायचे ते भगिनींनी, असाच माझाही समज होता. पण गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरची शेगडी आणि सहा महिन्यांची लेक, ही दोन्ही खाती माझ्याकडे आली. त्यात ज्या चुका झाल्या त्या दुसऱ्या कुणा बापाच्या हातून होऊ नयेत, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

झाले असे. माझी पत्नी लोणावळ्यात एका दुकानात चिक्की भरण्याचे काम करते. रोजावर. काम केले तर पैसे, नाही तर नाही. जानेवारीत लेक झाली. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय दुसरे काही द्यायचे नाही, असे आशाताईंनी बजावले होते. म्हणून बचत गटातून उचल घेतली आणि पत्नी सहा महिने घरी राहिली. जुलैत लोणावळ्याला पावसाळी पर्यटकांची झुंबड उडाली आणि दुकानातून निरोप आला, 'यायचे तर आता या, नाही तर दुसरी बाई ठेवतो.'

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते की, आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे देशाच्याच हिताचे आहे. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. आज पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात आहे. पण चार-सहा बाया रोजावर बसवणाऱ्या दुकानाच्या पायरीपर्यंत हा कायदा येत नाही. आणि ठेक्यावरच्या बापाला तर बाप झाल्याची एक दिवसाचीही रजा नाही.

माझी आई आमच्यातच असते. पण जुलै म्हणजे मावळात भातलावणीचे दिवस. ती सकाळीच नाणे मावळात लावणीला जायची. ते रोजही घराला लागतेच. मग हिशेब असा बसला. मी रात्रपाळी करून सकाळी साडेसातला घरी यायचे, पत्नीने लोकल धरून लोणावळ्याला जायचे, आणि संध्याकाळी दोघींपैकी कुणी येईपर्यंत लेक माझ्याकडे. ती झोपली की मी झोपायचे. ती उठली की मी उठायचे.

लेकीचे उष्टावण आम्ही साधेपणाने केले. त्रिशरण-पंचशील घेतले, आईने इंद्रायणी तांदळाची खीर बोटाच्या टोकावर घेऊन लेकीच्या ओठाला लावली. लेकीने तोंड वाकडे केले आणि सगळे हसले. त्या दिवशी वाटले, यात काय अवघड आहे?

दुसऱ्या दिवशी कळले.

पहिला धडा तांदळाने दिला. इंद्रायणी हा आमच्या मावळचा तांदूळ. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. वासाला गोड, शिजला की मऊ आणि चिकट. मी मूठभर तांदूळ, चिमूटभर मूगडाळ आणि अंदाजे पाणी घालून कुकर लावला आणि भिंतीला टेकलो. रात्रपाळीचा डोळा. किती शिट्ट्या झाल्या कुणास ठाऊक. शेजारच्या मावशींनी दार वाजवले तेव्हा खोलीभर धूर आणि कुकरच्या बुडाशी काळी खरपुडी. मावशी म्हणाल्या, "आरं बाबा, पोरीला जेवू घालायचंय का पत्रा सांधायचाय?"

दुसरा धडा नाचणीचा. नाचणीचे सत्त्व मुलाला चांगले असे ऐकले होते. किलोभर नाचणी धुतली, रात्रभर भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले. मोड सुरेख आले. आता वाळवायची. पण जुलैत मावळात ऊन कुठले! चार दिवस सतरंजीवर पसरून ठेवली. पाचव्या दिवशी तिच्यावर पांढरी बुरशी आणि कुबट वास. सगळी उकिरड्यावर गेली. संध्याकाळी आई म्हणाली, "पावसाळ्यात ऊन शोधायचं नसतं. तवा शोधायचा." मग तिने करून दाखवले. मोड आलेली नाचणी कापडावर कोरडी करायची, मग जाड तव्यावर मंद आचेवर हलवत राहायचे, ओल पूर्ण जाऊन खमंग वास सुटेपर्यंत. गार झाली की दळायची आणि वस्त्रगाळ करायची. शिजवताना पीठ आधी गार पाण्यात कालवून मग आचेवर ठेवायचे. उकळत्या पाण्यात पीठ टाकले तर गुठळ्या होतात. हेही मी गुठळ्या करूनच शिकलो.

तिसरी गोष्ट सांगताना अजून अंगावर काटा येतो. पत्नी दुकानातून तुटकी चिक्की घरी आणायची. एका रविवारी लेक माझ्या हातातल्या तुकड्याकडे बघून हात नाचवत होती. मी कौतुकाने एक छोटा तुकडा तिच्या तोंडाजवळ नेला. आईने माझ्या हातावर अशी चापट मारली की चिक्की कोपऱ्यात जाऊन पडली. "दाणा घशात अडकला तर काय करशील?" खरे आहे. अख्खा शेंगदाणा, फुटाणा, चिक्की पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊच नये. श्वासनळीत गेला तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही. दाणे द्यायचेच तर भाजून, अगदी बारीक कूट करून, पेजेत किंवा भातात पूर्ण मिसळून द्यावे.

हळूहळू हात बसला. पत्नी सकाळी निघताना दूध काढून, उकळलेल्या स्टीलच्या वाटीत झाकून थंड जागी ठेवायची. ते चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजायचे, बाटली नाही. मधे एकदा नाचणी, एकदा भात-वरण. कंपनीत गमती चालायच्या. "काय मावशी, आज काय रांधलं?" म्हणून मित्र हाका मारायचे. मी हसून सोडून द्यायचो. खरे सांगतो, आत थोडे टोचायचे.

ऑगस्टच्या शेवटी संकट आले. दोन दिवस नळाला गढूळ पाणी येत होते. रोज पाणी उकळून ठेवायचो, त्या दिवशी झोपेच्या ग्लानीत राहिले. चूक माझी. दुसऱ्या दिवशी लेकीला जुलाब सुरू झाले. दिवसातून आठ-दहा वेळा. आशाताई धावत आल्या. ओआरएसच्या पुड्या दिल्या, झिंकच्या गोळ्या दिल्या. रोज एक गोळी चमचाभर दुधात विरघळवून, १४ दिवस. जुलाब थांबले तरी गोळी थांबवायची नाही. घरात पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, मूल निपचित पडले किंवा शौचातून रक्त आले, तर घरी थांबू नका, तडक दवाखान्यात न्या. हे त्यांनी मला दोनदा म्हणायला लावले.

पाच दिवसांत जुलाब थांबले. पण माझ्या मनातली भीती थांबली नाही. पोट पुन्हा बिघडेल म्हणून मी सगळे पातळ द्यायला लागलो. वरणाचे वरचे पाणी. भाताची निवळ. भरून भरून वाट्या पाजायचो आणि पोरगी पोटभर जेवली असे समजायचो.

सप्टेंबरात अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. मी लेकीला घेऊन रांगेत उभा. सगळ्या बायका, पुरुष मी एकटा. जुलैत वजन ६ किलो ७०० ग्रॅम होते, ऑगस्टच्या सुरुवातीला ६ किलो ९००. आता काटा ६ किलो ५०० वर थांबला. सेविकाताईंनी कार्डावर टिंब काढले आणि रेघ जोडली. मी म्हणालो, "ताई, अजून हिरव्यातच आहे ना?"

त्या म्हणाल्या, "भाऊ, रंग बघून समाधान मानू नका. रेघ बघा. रेघ वर जात होती, आता खाली आली. रोज काय खायला देता?"

मी मोठ्या अभिमानाने वरणाच्या पाण्याचे सांगितले. त्यांनी एका वाटीत पाणी आणि दुसरीत घट्ट कालवलेला भात घेतला. दोन्हींत चमचा बुडवून तिरपा केला. पाणी ओघळून गेले, भात चमच्यावर राहिला. "जे चमच्यावर राहतं ते अंगाला लागतं. डाळ सगळी खाली बसते आणि तुम्ही वरचं पाणी पाजता. पोरीचं इवलंसं पोट पाण्यानंच भरतं. हलकं अन्न म्हणजे पातळ अन्न नव्हे."

घरी आलो. संध्याकाळी आईला सांगितले. मला वाटले, ती रागावेल. ती काहीच बोलली नाही. भाकरी थापायची थांबली. बऱ्याच वेळाने म्हणाली,

"तुझ्याआधी एक होती."

तीस-बत्तीस वर्षांच्या आयुष्यात हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"दहा महिन्यांची होती. असाच पाऊस. हगवण लागली. जाणती माणसं म्हणाली, पोट बंद ठेव, नुसती निवळ पाज. मी पाजली. सहा दिवस. ती माझ्या हाताकडं बघायची, भाकरी मागायची. मी दिली नाही. मला वाटलं, मी तिचं भलंच करतीये." तिने पिठाचे हात पुसले. "मला कुणी सांगितलं नाही रं. तुला सांगणारं माणूस भेटलंय. ऐक तिचं."

त्या रात्री मी कामावर गेलो, पण मन ठिकाणावर नव्हते. आईला शिक्षण मिळाले नाही, अंगणवाडी मिळाली नाही, कार्डावरची रेघ कुणी दाखवली नाही. तिच्या मायेत काही कमी नव्हते. तिला कमी पडली ती माहिती. आणि माझ्याजवळ माहिती देणारी माणसे हाकेच्या अंतरावर असताना मी मनाचेच चालवत होतो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी नियम झाला. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ धुऊन, सुकवून, भाजून, जाडसर भरडून डब्यात भरून ठेवायची. लागेल तशी मूठभर घेऊन भरपूर पाण्यात मऊ शिजवायची आणि घोटून घट्ट करायची. त्यात चमचाभर तेल किंवा तूप, कारण मुलाचे पोट लहान आणि भूक वारंवार लागणारी. एक दिवस त्यात बारीक केलेला पालक, एक दिवस लाल भोपळा, एक दिवस पूर्ण उकडलेले अंडे कुस्करून. आठवड्यातून एकदा कोंबडीची काळजी शिजवून, वाटून. रक्त वाढायला ती चांगली. वर्षाच्या आत मीठ, साखर नाही आणि मध तर मुळीच नाही. चहात बुडवलेले बिस्किट बंद. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही, हे मला ठाऊकच नव्हते. शेजारी प्रेमाने द्यायचे, त्यांना हात जोडून नको म्हटले. आजारातही जेवण चालू ठेवायचे आणि बरे झाल्यावर दोन आठवडे दिवसातून एक वेळ जास्त भरवायचे. पत्नी संध्याकाळी आली की दूध असायचेच.

पोरगी सरळ जेवत नव्हती. थुंकायची, वाटी उलटी करायची, माझ्या कानात भात भरायची. एका जेवणाला पाऊण तास. कितीदा तरी डोळ्यांत झोप आणि हातात चमचा, अशी अवस्था. तेव्हा कळले, आपल्या आया हे काम बिनपगारी, बिनरजेचे करत आल्या आणि आपण ताटावर बसून 'मीठ कमी आहे' एवढेच म्हणत आलो.

ऑक्टोबरात वजन ७ किलो भरले. नोव्हेंबरात ७ किलो ४००. सेविकाताईंनी रेघ जोडली आणि कार्ड माझ्याकडे वळवून धरले. मी ते घरी आणून आईला दाखवले. तिला आकडे वाचता येत नाहीत. तिने बोट ठेवून रेघ खालून वरपर्यंत चाचपली.

त्याच आठवड्यात नवा इंद्रायणी घरात आला. लावणीच्या घरून आईला मजुरीबरोबर दोन पायल्या मिळाल्या होत्या. नव्या तांदळाची घट्ट पेज मी केली, पण भरवायला आई बसली. लेक मटामटा खात होती. आई म्हणाली, "ती असती तर आज तिची पोरं शाळेत असती." मग पुढचा चमचा भरला.

कंपनीत आता मावशी म्हणून कुणी हाक मारत नाही. परवा जेवणाच्या सुटीत एका मित्राने मला बाजूला घेतले आणि हळू आवाजात विचारले, "ते नाचणीचं तव्यावर कसं करतात, जरा सांग ना." त्याच्या घरी पाच महिन्यांचा मुलगा आहे. मी त्याला सांगितले, आणि वजनाच्या दिवशी तूच घेऊन जा, असेही सांगितले.

बंधूंनो, तुम्हालाही एवढेच सांगणे. मुलाचे कार्ड घरात कुठे ठेवले आहे ते आज बायकोला न विचारता शोधा. त्यावरची रेघ बघा. आणि वाटीतला चमचा एकदा तिरपा करून बघा.

जयभीम.