फराळाचं ताट आणि पौलाचं पत्र

दिवाळीला शेजारच्या काकूंकडून आमच्याकडे फराळाचं ताट यायचं. पितळी ताट, वर विणलेला रुमाल, खाली चकल्या, करंज्या, शेव, कडबोळी. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. त्या वर्षी ताट आलं तेव्हा आमच्या मंडळीतले एक वडीलधारे ओसरीवर बसले होते. लक्ष्मीपूजनाचा नैवेद्य ख्रिस्ती घरात चालतो का, असं त्यांनी बाबांना विचारलं. बाबा पाळक होते. ते काही बोलले नाहीत. आईनं ताट उचलून फळीवर ठेवलं. चार दिवसांत चकल्या सादळल्या आणि सगळा फराळ गुरांपुढे गेला. ताट रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून आईनं त्यात साखर घातली आणि काकूंना म्हणाली, “चकली फार खुसखुशीत झाली होती हो यंदा.”

नियम पाळला गेला, पण त्यापायी आईला खोटं बोलावं लागलं. पुढे तीस वर्षं मी नव्या कराराची ग्रीक भाषा शिकवली. वर्गात गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय निघाला की दर वेळी मला ती फळी दिसायची.

पौलानं हे पत्र इ.स. 50 च्या आसपास लिहिलं, आजच्या तुर्कस्तानाच्या मध्यभागातल्या मंडळ्यांना. ते रागानं लिहिलेलं आहे. एरवी पौल पत्राच्या आरंभी वाचकांबद्दल देवाचे आभार मानतो; इथे आभाराचा शब्द नाही, थेट जाब विचारणं आहे. शेवटी तर तो लेखणी स्वतःच्या हातात घेतो आणि बघा, किती मोठी अक्षरं काढतोय, असं म्हणतो. कारण असं की त्याच्या मागून काही शिक्षक तिथे पोचले होते. ख्रिस्तावर विश्वास ठेवलात हे चांगलंच, पण सुंता करून घ्या, सणवार पाळा, त्याशिवाय तुम्ही पुरते देवाचे होत नाही, अशी त्यांची शिकवण होती. पौलाला त्यातलं ‘त्याशिवाय’ सहन झालं नाही.

त्यासाठी तो अंत्युखियातली हकीगत सांगतो. पेत्र तिथे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायला बसत असे. मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसं आली आणि पेत्र हळूहळू पंगतीतून मागे सरला. त्याचं पाहून इतर यहुदी, अगदी बर्णबासुद्धा, उठले. पौलानं सगळ्यांसमोर पेत्राला तोंडावर सुनावलं. तिथे त्यानं वापरलेला शब्द आहे ‘हुपोक्रिसिस’, म्हणजे नाटकातलं सोंग. पेत्राची श्रद्धा बदलली नव्हती. लोक काय म्हणतील या भीतीनं त्यानं जागा बदलली. पंगतीतून उठून जाणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ज्याच्या शेजारून आपण उठतो, त्याला आपण काय म्हणालो ते बरोबर कळतं.

हे पत्र यहुद्यांविरुद्ध वापरलं गेलं, याचं मला फार दुःख आहे. पौल स्वतः यहुदी होता आणि यहुद्यांच्या नियमशास्त्राला वाईट म्हणत नव्हता. त्यानं त्याला ‘पैदागोगोस’ म्हटलं. हा शिक्षक नसे. मुलाचा हात धरून त्याला शाळेत नेणारा, वाटेत लक्ष ठेवणारा, प्रसंगी छडी उगारणारा घरचा दास म्हणजे पैदागोगोस. त्याचं काम खरं आणि गरजेचं, पण मूल मोठं होईपर्यंतच. तिशीतला माणूस त्याचा हात धरून चालू लागला, तर त्यात दासाचा दोष नाही.

मग काहीही चालतं का, हा प्रश्न विद्यार्थी दर वर्षी विचारत. पौलाचं उत्तर कठीण आहे. तुम्ही मोकळे झालात, तर आता प्रीतीनं एकमेकांचे दास व्हा, असं तो सांगतो; आणि क्रियापद गुलामीचंच वापरतो. म्हणून तीताची सुंता करायला तो ठाम नकार देतो आणि प्रेषितांच्या कृत्यांत वाचावं तर तीमथ्याची सुंता स्वतः करवतो. तीत ग्रीक होता आणि त्याच्यावर सक्ती होत होती. तीमथ्याची आई यहुदी होती आणि त्याला यहुद्यांमध्ये काम करायचं होतं.

करिंथकरांना तर त्यानं ताटाबद्दलच लिहिलं आहे. विश्वासात नसलेल्या कुणी जेवायला बोलावलं, तर वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका. पण हा नैवेद्य आहे असं कुणी सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका. म्हणजे त्या वडीलधाऱ्यांसमोर आईनं ताट बाजूला ठेवलं, यात काही गैर नव्हतं. ते गेल्यावरही ताट चार दिवस फळीवर राहिलं, ते मात्र भीतीनं.

ही भीती पंडिता रमाबाईंना नव्हती. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक आईसारख्या होत्या, तरी दोघींचे खटके उडत. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असं रमाबाई विचारत. त्या शाकाहारीच राहिल्या. सिस्टरना त्यात जुना जातीचा अभिमान दिसे. मायदेशातल्या पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टानं उतरवलं, आता दुसरं मानेवर घेणार नाही, अशा आशयाचं रमाबाईंनी त्यांना लिहून कळवलं. ख्रिस्त त्यांनी सोडला नाही. केडगावच्या त्यांच्या कामाला ‘मुक्ती’ हे नाव मिळालं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्याचं काम त्यांनी एप्रिल 1922 मध्ये, मृत्यूच्या तोंडावर, पुरं केलं.

माझ्या ख्रिस्ती वाचकांना एक विनंती आहे. गलतीकरांस पत्राचे अध्याय सहाच आहेत, अर्ध्या तासात वाचून होतात. या दिवाळीत शेजारून ताट येण्याआधी ते एका बैठकीत वाचा.