वजा केलेला खडा

आजोबांच्या चांदीच्या अंगठीत करंगळीच्या नखाएवढा तांबूस अकीक होता, वर फारसी अक्षरं कोरलेला. आजोबा पैठणकडचे, निजामाच्या मुलखातले. अंगठी कुठून आली ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती नव्हती. आम्हा पोरांना ती ओल्या मातीत ठसे उमटवण्यापुरती ठाऊक. "ठेव जाग्यावर, आजोबा फोडून काढतील," असं आजी म्हणायची आणि ठसा बघायला स्वतःही वाकायची.

पुढे वडिलांनी ती किंमत करायला सराफाकडे नेली. त्याने खडा उचकटून बाजूला ठेवला, चांदी तोलली आणि म्हणाला, "खडा वजा."

दगड म्हणून पाहिलं तर त्याचं बरोबरच होतं. दख्खनच्या लाव्हारसातल्या पोकळ्यांत सिलिका साचून अकीक तयार होतो आणि गोदाकाठच्या वाळूत त्याचे गोटे आजही मिळतात. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात पैठणहून असे दगड गाड्यांनी भडोचला जात, अशी नोंद आहे. गुजरातेत रतनपूरच्या खाणीतला पिवळट-तपकिरी दगड खंभातचे कारागीर मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात. आतलं लोह लाल होतं आणि त्याचा कार्नेलियन बनतो. भाजलेला म्हणून तो खोटा ठरत नाही, ही रीत हडप्पाकाळापासूनची आहे. रंग पाजलेला अकीक वेगळा. तो उजेडाकडे धरला की रंग तड्यांत गोळा झालेला दिसतो.

कॉलेजात असताना फारसी जाणणाऱ्या एका प्राध्यापकांना अंगठी दाखवली. खड्यावर त्यांनी फार वेळ घालवला नाही. शाई लावून कागदावर ठसा घेतला. शिक्क्याची अक्षरं उलटी कोरतात. सुलटी असती तर ताईत म्हणायचा. ठशात एक नाव निघालं आणि हिजरी १२५६, म्हणजे इसवी सन १८४०-४१. नाव आमच्या घराण्यातलं नव्हतंच.

मला भिंगाचा नाद लागला तो तेव्हापासून. जुनी कोरणी तेल आणि कुरुंदाची पूड लावलेल्या फिरत्या चकतीची असते. तिची रेघ मधे खोल जाते आणि टोकांकडे उथळ होत संपते. माझ्या खड्यातल्या एका अलिफच्या पायथ्याशी चकती किंचित घसरली आहे. कारागिराने त्या ओरखड्यावर इवलंसं फूल कोरून तो झाकला. पण भिंगाखाली पाकळीच्या बाहेर त्याची शेपटी दिसतेच. लेझरच्या कोरणीत असं काही सापडत नाही. तिथे सगळ्या रेघा एकसारख्या खोल आणि तळ खरबरीत, पांढुरका. काच ओतून केलेल्या नकलेत आत बुडबुडे असतात आणि अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या गोल. खऱ्या अकीकावर चाकूचा ओरखडा उठत नाही हेही खरं, पण कोरीव तोंडावर ही परीक्षा कोणी करू नये. झिजेवरही विसंबू नये, झीज नकली करता येते.

मग किंमत कशाची? कोरणाऱ्याच्या हाताची, वाचता येणाऱ्या नावाची, सालाची आणि, माझ्या मते सगळ्यात जास्त, ठिकाणाची. पुणे जिल्ह्यात इनामगावच्या उत्खननात कार्नेलियनचे मणी निघाले. दिसायला साधे, पण कुठल्या थरात कशाशेजारी होते ते डेक्कन कॉलेजच्या लोकांनी लिहून ठेवलं. त्यामुळे ते मणी कोणाच्या काळातले, हे सांगता येतं. माझा शिक्का नाव-साल असूनही पोरका आहे. मधल्या शंभरएक वर्षांत तो कोणाकोणाच्या बोटात होता, याचा काही पत्ता नाही. बाजारात मखमलीवर मांडलेले, ‘दोन हजार वर्षांपूर्वीचा’ म्हणून विकले जाणारे बहुतेक खडे याहून पोरके. त्यांच्यासाठी मी तरी खिशात हात घालणार नाही.

१९७२च्या कायद्याने शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावशेष ठरते. परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा नांगरताना कोरीव खडा हाती लागलाच तर घासूनपुसून चकाकवू नका. जागा लिहून ठेवा, फोटो काढा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा.