बालपणाचें भांडवल

लहान मुलानें चारचौघांत गाऊन दाखविलें, कीं घरच्या मंडळींस धन्यता वाटते, व तें स्वाभाविकच आहे. परंतु कौतुकाचा जेव्हां व्यवसाय होतो, तेव्हां त्यांत भांडवल म्हणून त्या मुलाचें बालपणच घातलें जातें, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

अमेरिकेंतील जॅकी कूगन याची हकीकत या बाबतींत बोधप्रद आहे. १९२१ सालीं चार्ली चॅप्लिनच्या 'द किड' या मूकपटानें तो जगप्रसिद्ध झाला, तेव्हां त्याचें वय अवघें सहा वर्षांचें होतें. बालपणीं त्यानें ३० ते ४० लक्ष डॉलर मिळविले, असा अंदाज आहे. १९३५ सालीं त्याचे वडील मोटार-अपघातांत निवर्तले, व त्याच वर्षीं तो एकवीस वर्षांचा झाला. परंतु तेथील तत्कालीन कायद्याप्रमाणें अज्ञान मुलाची कमाई आईबापांची! १९३८ सालीं त्यास जन्मदात्री आई व सावत्र बाप यांजवर फिर्याद करावी लागली, आणि अखेर हातीं आले ते सुमारें १,२६,००० डॉलर. या प्रकरणामुळेंच बालनटांच्या कमाईचा कांहीं भाग राखून ठेवण्याविषयीं कॅलिफोर्नियांत १९३९ सालीं कायदा झाला.

द्रव्याची व्यवस्था अशी झाली. गेलेल्या वर्षांची कोण करणार? पुढें १९६४ सालीं 'द ॲडम्स फॅमिली' या दूरचित्रवाणी-मालिकेंत टक्कल केलेल्या विक्षिप्त काकाच्या भूमिकेनें कूगनला पुन्हा नांव मिळालें. तरी १९८४ सालीं तो वारला तोंपर्यंत, मोठी टोपी घातलेला तो पोरगा त्याच्या पाठीमागें उभाच होता.

आपल्याकडे शिवपुत्र कोमकळी या बालगायकाचेहि जलसे गांवोगांव होत. परंतु 'कुमार गंधर्व' म्हणून गाजत असतांनाच ते मुंबईस प्रो. देवधरांकडे शिकावयास राहिले. कीर्ति मिळाल्यावरहि त्यांना पुन्हा विद्यार्थी होतां आलें, हें केवढें भाग्य!

आमच्या धाकट्या भावोजींच्या नऊ वर्षांच्या मुलीचा गळा गोड आहे. तिला दूरचित्रवाणीवरील स्पर्धेस धाडावें, असें मामंजींच्या मनांत आहे. वडील माणसांपुढें बोलणें सुनेस अवघड, तरी मी म्हटलें, "मामंजी, तिला आधीं चांगला गुरु पाहूं या. लोकांची वाहवा कांहीं पळून जात नाहीं. नववें वर्ष मात्र पुन्हा येणार नाहीं." ते अद्याप कांहींच बोलले नाहींत, पण स्पर्धेचा अर्ज तसाच कोरा पडून आहे.